ट्रेसीची कबर : जेम्स बाँड चित्रपटमालिकेतील एका शोकान्त नायिकेच्या स्मृतीचा इतिहास (१९६९–२०२१)

प्रस्तावना

एकाच नायकाभोवती दीर्घकाळ चालणाऱ्या चित्रपटमालिकांचा एक अलिखित नियम असतो. प्रत्येक चित्रपटाच्या अखेरीस नायकाचे आयुष्य मूळ पदावर यावे लागते, म्हणजे पुढचा चित्रपट मागचे कोणतेही ओझे न घेता सुरू करता येतो. १९६२ साली 'डॉक्टर नो'ने आरंभ झालेली जेम्स बाँड या ब्रिटिश गुप्तहेराची चित्रपटमालिका या नियमाचे ठळक उदाहरण होय. प्रत्येक चित्रपटात नवा शत्रू, नवे देश, नवी नायिका. आणि पुढील चित्रपटात त्या नायिकेचे नावही निघत नाही. प्रेक्षक ते विचारीत नाहीत, कारण न विचारणे हा त्या करमणुकीचाच एक भाग आहे.

डिसेंबर १९६९ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' या मालिकेतील सहाव्या चित्रपटाने हा नियम मोडला. त्यात बाँड विवाह करतो आणि विवाहसमारंभाहून निघालेल्या गाडीतच त्याची पत्नी ट्रेसी हिचा गोळ्या घालून खून होतो. चित्रपट तेथेच संपतो. या मृत्यूचे पुढे काय करावे, हा प्रश्न त्यानंतर मालिकेच्या निर्मात्यांपुढे अर्धशतकाहून अधिक काळ राहिला. मालिकेने ट्रेसीला विसरण्याचा प्रयत्न केला, मधूनमधून तिची आठवण काढली, तिच्या जागी दुसरी स्त्री आणली आणि अखेरीस तिचे गीत उसने घेतले. या स्मरण-विस्मरणाचा इतिहास पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

हा विषय गंभीर इतिहासलेखनाच्या कक्षेत बसत नाही, अशी शंका घेतली जाणे शक्य आहे. परंतु लोकप्रिय चित्रपट ही एक संस्था आहे, आणि कोणतीही संस्था काय स्मरणात ठेवते, कोणासाठी ठेवते आणि ते स्मरण प्रत्यक्षात कोणाच्या हातून घडते, हे प्रश्न इतिहासाचेच आहेत. बाँडपटांच्या बाबतीत त्यांची उत्तरे श्रेयनामावल्यांतून बऱ्याच निश्चितपणे मिळू शकतात.

कादंबरीतील शोक आणि चित्रपटांचा उलटा क्रम

बाँडचा जनक इयन फ्लेमिंग याने ही कादंबरी १९६२ च्या आरंभी जमैकातील आपल्या 'गोल्डनआय' या घरी लिहिली. त्याच सुमारास त्याच बेटावर 'डॉक्टर नो'चे चित्रीकरण चालू होते. १ एप्रिल १९६३ रोजी कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभीच्या भागातील एक तपशील पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बाँड दर वर्षी फ्रान्समधील रोयाल-लेझ-ओ या काल्पनिक गावी येतो आणि तेथे वेस्पर लिंड या स्त्रीच्या कबरीला भेट देतो, असे फ्लेमिंग सांगतो. वेस्पर ही १९५३ च्या 'कॅसिनो रॉयाल' या पहिल्या बाँड-कादंबरीची नायिका. तिने बाँडचा विश्वासघात केला आणि नंतर आत्महत्या केली. पहिल्या कादंबरीच्या शेवटी तिच्याविषयी अत्यंत कठोर शब्द उच्चारणारा बाँड दहा वर्षांनंतर मात्र तिच्या कबरीशी येत राहतो. म्हणजे कबरीची भेट ही कल्पना मुळात फ्लेमिंगची आहे, आणि ट्रेसीची कथा दुसऱ्या एका मृत स्त्रीच्या स्मरणापासूनच सुरू होते.

ट्रेसीचे पूर्ण नाव काउंटेस तेरेसा दि विचेंझो. मार्क-आंज ड्राको या कॉर्सिकन टोळीप्रमुखाची ती मुलगी. फसलेला विवाह आणि दगावलेले मूल यांनी खचून ती मृत्यूच्या वाटेवर निघालेली असताना बाँडला भेटते. तिच्या मृत्यूनंतर फ्लेमिंगने शोकाला पुरते एक पुस्तक दिले. १९६४ च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' या कादंबरीत बाँड कामातून उठलेला आहे. चुका करतो आहे. त्याला सेवेतून काढावे की काय, असा विचार त्याचा वरिष्ठ 'एम' करतो. अखेर एक अशक्यप्राय कामगिरी देऊन त्याला जपानला पाठवले जाते. तेथे ट्रेसीचा मारेकरी ब्लोफेल्ड त्याला सापडतो आणि बाँड त्याला ठार करतो. विवाह, मृत्यू, विषाद, सूड असा कादंबऱ्यांचा क्रम सरळ आहे.

चित्रपटांनी हा क्रम उलटा केला. 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' १९६७ मध्येच पडद्यावर आला आणि त्यात विषादाला स्थान असण्याचे कारणच नव्हते, कारण ट्रेसी अजून आलेलीच नव्हती. दोन वर्षांनी ती आली आणि मेली, तेव्हा तिच्या शोकाची कादंबरी आधीच खर्ची पडली होती. चित्रपटमालिकेतील ट्रेसीच्या स्मृतीची सारी परवड या एका साध्या अदलाबदलीतून सुरू होते. पतीचे दुःख सांगणारी कथा हाताशी उरली नव्हती; ती नव्याने लिहावी लागणार होती, आणि तशी ती लिहिली गेली नाही.

१९६९ : विवाह आणि मृत्यू

चित्रपटाचा दिग्दर्शक पीटर हंट हा मालिकेचा जुना संकलक. बाँडपटांना जी द्रुत गती आली तिचे बरेचसे श्रेय त्याच्या कात्रीकडे जाते. दिग्दर्शक म्हणून हा त्याचा पहिला चित्रपट. शॉन कॉनरीने भूमिका सोडली होती आणि त्याच्या जागी जॉर्ज लेझनबी हा अभिनयाचा फारसा अनुभव नसलेला ऑस्ट्रेलियन मॉडेल आला होता. याउलट ट्रेसीच्या भूमिकेसाठी निवडलेली डायना रिग ही रॉयल शेक्सपिअर कंपनीतून आलेली आणि 'द अ‍ॅव्हेंजर्स' या दूरचित्रवाणी मालिकेमुळे घरोघरी पोचलेली अभिनेत्री होती. नवख्या नायकाला आधार म्हणून कसलेली नायिका, असा हा व्यवहार दिसतो. परिणामतः बाँडपटांतील नायिकेला अपवादानेच लाभणारे वजन ट्रेसीला मिळाले.

हे वजन केवळ अभिनयातून आलेले नाही. पटकथेतही ट्रेसी कृती करणारी स्त्री आहे. आल्प्समधील ब्लोफेल्डच्या तळावरून निसटलेला बाँड पाठलागाने थकून, घाबरून एका गावातील बर्फाच्या रिंगणाजवळ बसलेला असताना ती त्याला शोधून काढते, आपल्या गाडीत घेते आणि स्वतः गाडी चालवून शत्रूच्या हातून सोडवते. भेदरलेला बाँड आणि त्याला वाचवणारी स्त्री हे दृश्य त्यापूर्वीच्या पाच चित्रपटांत कोठेही नाही. पुढे ब्लोफेल्डच्या कैदेत असताना कविता म्हणून त्याचे लक्ष गुंतवून ठेवणारी आणि नंतर त्याच्या रक्षकाशी एकटी झुंजणारी ट्रेसीच आहे. तिचा बाप बाँडला दहा लाख पौंड हुंडा देऊ करतो. हुंड्याचा प्रश्न ज्यांना पुस्तकातून शिकावा लागत नाही अशा वाचकांना बाँडने तो नाकारणे ही त्याच्या सर्व पराक्रमांतील अधिक विश्वसनीय गोष्ट वाटेल.

चित्रपटाला आपण जुन्या मालिकेचाच भाग आहोत हे सिद्ध करण्याची फार गरज होती. श्रेयनामावलीत आधीच्या पाच चित्रपटांतील दृश्ये येतात; राजीनामा देऊ पाहणारा बाँड मेजाचा खण उघडतो तेव्हा त्यातून पूर्वीच्या मोहिमांतील वस्तू निघतात आणि त्या त्या चित्रपटाचे संगीत ऐकू येते. नट बदलला तरी माणूस तोच, असे सांगण्यासाठी येथे स्मृतीचा वापर प्रथम झाला. पुढे हेच काम ट्रेसीच्या कबरीकडून करून घेतले जाणार होते.

शेवटचा प्रसंग थोडक्यात असा : पोर्तुगालमधील विवाहानंतर डोंगरातील रस्त्यावर बाँड गाडी थांबवतो आणि तिच्यावरची फुले काढू लागतो. मागून भरधाव येणाऱ्या गाडीतून गोळीबार होतो. गाडी ब्लोफेल्ड चालवत असतो. गोळ्या झाडते ती त्याची सहकारी इर्मा बंट. बाँड आत बसतो तेव्हा ट्रेसी मेलेली असते. थांबलेल्या पोलिसाला तो सांगतो की ती केवळ विश्रांती घेत आहे, आणि घाई करण्याचे कारण नाही. काचेवरील गोळीच्या छिद्रावर चित्रपट संपतो. हंटचा मूळ बेत वेगळा होता. विवाहानंतर वरवधू निघून जातात येथे चित्रपट संपवायचा आणि ट्रेसीचा मृत्यू पुढील चित्रपटाच्या आरंभी दाखवायचा, असे त्याच्या मनात होते. लेझनबीने पुन्हा ही भूमिका न करण्याचे ठरवल्यावर तो बेत सोडून द्यावा लागला. म्हणजे या चित्रपटाचा जो शेवट आज मालिकेतील सर्वांत धाडसी शेवट मानला जातो, तो अंशतः एका नटाच्या निघून जाण्याने घडलेला आहे.

१९७१ : मौन

मिळकतीच्या दृष्टीने चित्रपट तोट्यात गेला नाही, परंतु आधीच्या चित्रपटाच्या मानाने उत्पन्न घटले. निर्मात्यांनी त्याचा अर्थ असा लावला की प्रेक्षकांना कॉनरी हवा आहे आणि हलकेफुलकेपणा हवा आहे. कॉनरीला त्या काळी विक्रमी ठरलेले साडेबारा लाख डॉलर मानधन देऊन परत आणण्यात आले.

'डायमंड्स आर फॉरएव्हर' (१९७१) सुरू होतो तेव्हा बाँड ब्लोफेल्डच्या शोधात जगभर माणसांना झोडपत हिंडत आहे. हा सूड कोणाचा, हे कोणीच सांगत नाही. ट्रेसीचे नाव नाही, विवाहाचा उल्लेख नाही. शोध जपानमध्ये सुरू होतो ही गोष्ट सूचक आहे, कारण १९६७ चा चित्रपट जपानमध्ये घडला होता. मधला चित्रपट जणू घडलाच नाही आणि कॉनरी आपल्याच मागील चित्रपटातून सरळ येथे आला, असे वाटावे अशी ही जोडणी आहे. काही मिनिटांत ब्लोफेल्ड मेल्याचे दाखवले जाते. पुढे तो जिवंत निघतो, आणि त्याच्याशी बाँडचे जे संभाषण होते ते दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांचे खेळीमेळीचे संभाषण आहे. नवविवाहित पत्नीच्या खुन्यासमोर उभा असलेला माणूस त्यात कोठेही दिसत नाही. ज्येष्ठ पटकथाकार रिचर्ड मेबॉम हा दोन्ही चित्रपटांचा लेखक होता, हे ध्यानात घेतले म्हणजे हे मौन विसरभोळेपणाचे नसून ठरवून पाळलेले होते, हे मान्य करावे लागते.

प्रत्यक्ष गोळी झाडणाऱ्या इर्मा बंटचे काय झाले, हा प्रश्नही अनुत्तरित राहिला. ती भूमिका करणाऱ्या इल्से श्टेपाट या जर्मन अभिनेत्रीचे निधन चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर काही दिवसांतच झाले. ते पात्र मालिकेत पुन्हा आले नाही. ट्रेसीला मारणारा हात चित्रपटमालिकेच्या हिशेबात आजही मोकळाच आहे.

तीन उल्लेख आणि दोन माणसे

ट्रेसीचे मालिकेतील स्पष्ट उल्लेख तीन आहेत. पहिला १९७७ च्या 'द स्पाय हू लव्हड मी'मध्ये. रॉजर मूर आता बाँड आहे. कैरोतील एका मद्यालयात सोव्हिएत गुप्तहेर आन्या अमासोवा बाँडची माहिती पाठ म्हणून दाखवते : अनेक मैत्रिणी, विवाह एकदाच, पत्नीचा खून. बाँड तिला तेथेच थांबवतो. या विषयात आपण हळवे आहोत, एवढी कबुली देऊन तो उठून जातो. दृश्य अर्ध्या मिनिटाचे असेल. विनोदी अंगाने बाँड रंगवणाऱ्या मूरच्या चेहऱ्यावरचे हसू येथे खरोखर मावळते, आणि मूरच्या सातही चित्रपटांत असे क्षण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

तिसरा उल्लेख १९८९ च्या 'लायसन्स टू किल'मध्ये येतो. बाँडचा अमेरिकन मित्र फेलिक्स लायटर याच्या विवाहाच्या दिवशी वधू डेला, आता तुमचीच पाळी, अशा अर्थाची थट्टा बाँडशी करते. बाँड काही न बोलता निघून जातो. गोंधळलेल्या डेलाला लायटर सांगतो की याचेही एकदा लग्न झाले होते, पण त्याला फार काळ लोटला. त्याच रात्री डेलाचा खून होतो आणि लायटर मरणाच्या दारात पोचतो. बाँड नोकरी सोडून सूडाला निघतो. हा चित्रपट ट्रेसीच्या कथेचा उशिरा लिहिलेला उत्तरार्ध आहे, असे म्हणण्यास जागा आहे. विवाहाच्याच दिवशी मारली गेलेली वधू आणि तिच्यासाठी सर्वस्व पणाला लावणारा बाँड हे जे १९७१ मध्ये व्हायला हवे होते, ते अठरा वर्षांनी दुसऱ्याच्या पत्नीच्या निमित्ताने झाले. टिमोथी डाल्टनचा बाँड डेलासाठी लढतो तेव्हा तो नेमका कोणासाठी लढत आहे, हे लायटरच्या त्या एका वाक्याने प्रेक्षकाला कळते.

या दोहोंच्या मधला, १९८१ च्या 'फॉर युअर आइज ओन्ली'मधील उल्लेख सर्वांत मोठा आणि सर्वांत विचित्र आहे. चित्रपटाच्या पहिल्याच दृश्यात बाँड तांबड्या गुलाबांची फुले घेऊन एका कबरीपाशी येतो. दगडावर तेरेसा बाँड हे नाव, १९४३–१९६९ ही वर्षे, ती जेम्स बाँडची प्रिय पत्नी असल्याचा मजकूर आणि त्याखाली १९६९ च्या चित्रपटातील गीताचे शीर्षक कोरलेले आहे. चित्रीकरण स्टोक पोजेस येथील सेंट जाइल्स चर्चच्या आवारात झाले. हे तेच आवार जेथे कवी थॉमस ग्रे याचे दफन झाले आहे आणि ज्याच्याशी त्याच्या विख्यात विलापिकेचे नाव जोडले जाते. ग्रामीण स्मशानातील अनाम मृतांवर ती विलापिका लिहिली गेली. इंग्रजीच्या अध्यापकांना हा योगायोग सुखावून जाईल.

या कबरीची गरज मुळात भावनिक नव्हती. मूर पुन्हा काम करील की नाही हे अनिश्चित होते आणि नवा नट आला तर तो तोच बाँड आहे हे पहिल्या दृश्यातच पटवावे, अशी या प्रसंगामागील योजना होती. अखेर मूरच परत आला, प्रसंग मात्र राहिला. पत्नीची कबर ही येथे ओळखपत्रासारखी वापरली गेली आहे.

यातील विसंगती एवढ्यावर थांबत नाही. कबरीपासून बाँडला घेऊन जाणारे हेलिकॉप्टर दूरनियंत्रणाने ताब्यात घेणारा, चाकांच्या खुर्चीतील टक्कल पडलेला, पांढरे मांजर बाळगणारा इसम ब्लोफेल्ड आहे, हे कोणालाही समजावे. पण त्याला नाव नाही. 'थंडरबॉल' या कथेच्या मालकीवरून केव्हिन मक्लोरी याच्याशी जुना कायदेशीर वाद चालू होता आणि ब्लोफेल्ड व त्याची 'स्पेक्टर' ही संघटना वापरण्याचा हक्क त्या वादात अडकला होता. म्हणून एकाच प्रसंगात मृत स्त्रीचे नाव दगडावर स्पष्ट कोरलेले आणि तिच्या मारेकऱ्याला नाव घेण्याचीही मनाई, अशी स्थिती झाली. बाँड त्या इसमाला हेलिकॉप्टरने उचलून एका कारखान्याच्या धुरांड्यात टाकतो. तोपर्यंत तो गयावया करीत प्रहसनातील पात्रासारखा बोलत असतो. ज्या सूडाची बारा वर्षे वाट पाहिली तो असा थट्टेत संपला. त्याच चित्रपटात पुढे बाँड आई-वडिलांच्या खुनाचा सूड घेऊ पाहणाऱ्या मेलिनाला सूडापासून परावृत्त करण्याचा उपदेश करतो. या उपदेशाला पहिल्या दृश्यातील कबरीचा आधार सहज देता आला असता. पटकथेने तो दिलेला नाही.

हे तीन उल्लेख एकत्र पाहिले की श्रेयनामावलीतील दोन नावे समान दिसतात. रिचर्ड मेबॉम याने १९६९ ची पटकथा लिहिली आणि या तिन्ही चित्रपटांचा तो सहलेखक आहे. जॉन ग्लेन हा १९६९ च्या चित्रपटाचा संकलक व दुसऱ्या चित्रीकरण पथकाचा दिग्दर्शक. १९७७ मध्येही त्याच दोन जबाबदाऱ्या त्याच्याकडे होत्या. १९८१ व १९८९ चे चित्रपट त्याने दिग्दर्शित केले. ज्या माणसाने संकलनाच्या मेजावर ट्रेसीच्या मृत्यूची दृश्ये जोडली, त्यानेच बारा वर्षांनी तिची कबर उभी केली. संस्थेची स्मृती म्हणून जी दिसते ती पुष्कळदा तेथे टिकून राहिलेल्या एकदोन माणसांची स्मृती असते, याचे हे चांगले उदाहरण आहे. अर्थात हा धागा फार ताणू नये. याच दोघांच्या 'ऑक्टोपसी'मध्ये (१९८३), ज्याचे बरेचसे चित्रीकरण उदयपूरला झाले आणि ज्यात कबीर बेदी व विजय अमृतराज होते, ट्रेसी नाही. आठवण काढायची की नाही हे प्रत्येक वेळी त्या चित्रपटाच्या गरजेवर ठरत होते.

मेबॉम १९९१ मध्ये निवर्तला. ग्लेनने १९८९ नंतर बाँडपट केला नाही. त्यानंतरच्या चित्रपटांत स्पष्ट उल्लेख थांबतात. 'गोल्डनआय'मध्ये (१९९५) जुना सहकारी बाँडला ज्या स्त्रियांचे तो रक्षण करू शकला नाही त्यांवरून डिवचतो. 'द वर्ल्ड इज नॉट इनफ'मध्ये (१९९९) एलेक्ट्रा त्याला कोणी प्रिय व्यक्ती गमावली आहे काय, असे विचारते आणि तो उत्तर टाळतो. या चित्रपटाचे शीर्षक १९६९ च्या कथेतील बाँड घराण्याच्या लॅटिन ब्रीदवाक्यावरून घेतले आहे. जाणत्या प्रेक्षकाला खूण पटावी, इतरांना काही कळू नये, अशी ही संदिग्ध भाषा आहे. नाव घेण्याइतके जवळचे कोणी आता उरले नव्हते.

वेस्पर : प्रश्न मागे ठेवून जाणारी स्त्री

'कॅसिनो रॉयाल' या कादंबरीचे चित्रपटाधिकार निर्मात्यांकडे १९९९ मध्ये आले आणि २००६ मध्ये डॅनियल क्रेगला घेऊन मालिका नव्याने सुरू करण्यात आली. या नव्या कालक्रमात बाँड प्रथमच हेर होतो. त्यामुळे ट्रेसी त्याच्या आयुष्यात कधी आलेलीच नाही. तिची जागा वेस्पर लिंडने घेतली. एव्हा ग्रीनची वेस्पर व्हेनिसमधील कोसळत्या इमारतीत, बंद लोखंडी उद्वाहकात, बाँडच्या डोळ्यांदेखत बुडून मरते.

वेस्परची स्मृती ट्रेसीच्या मानाने फार वेगळ्या रीतीने टिकली. 'क्वांटम ऑफ सोलेस' (२००८) हा संपूर्ण चित्रपट तिच्या मृत्यूच्या सावलीत घडतो. ज्याने तिला फशी पाडले त्या माणसापर्यंत बाँड रशियातील कझान शहरी पोचतो, त्याला न मारता सोडतो आणि तिची गळ्यातील साखळी बर्फात टाकून जातो. 'स्पेक्टर'मध्ये (२०१५) तिच्या चौकशीची चित्रफीत क्षणभर हाती येते. तो ती पाहत नाही. 'नो टाइम टू डाय'मध्ये (२०२१) इटलीतील मातेरा येथे तो तिच्या कबरीपाशी जातो आणि तेथेच स्फोट होतो. पाच चित्रपटांच्या या मालिकेत नायकाचा अविश्वास, त्याची तुटकता, मॅडेलिनला सोडून जाण्याची घाई या सर्वांचे मूळ वेस्परकडे जाते.

एकीला अर्धे वाक्य आणि दुसरीला चार चित्रपट, हा फरक केवळ काळ बदलल्यामुळे पडला असे म्हणणे अपुरे आहे. दूरचित्रवाणीवरील क्रमशः कथांनी प्रेक्षकाला सातत्याची सवय लावली हे खरे. परंतु वेस्पर मरताना एक प्रश्न मागे ठेवते : तिने विश्वासघात का केला, कोणासाठी केला, शेवटी प्रेम खरे होते काय? प्रश्नातून शोध निर्माण होतो आणि शोध ही हेरकथेची स्वाभाविक चाल आहे. ट्रेसी कोणताही प्रश्न ठेवून जात नाही. ती निर्दोष आहे, तिचे प्रेम उघड आहे, मारेकरी ठाऊक आहे. मागे उरते ते निखळ दुःख, आणि निखळ दुःखाचे काय करावे हे या मालिकेला कधीच उमगले नाही.

येथे एक उणीव नोंदवणे आवश्यक आहे. ट्रेसीच्या तिन्ही उल्लेखांत ट्रेसी स्वतः नाही. बर्फावरून गाडी हाकणारी, घाबरलेल्या बाँडला सोडवून आणणारी, तुरुंगात शत्रूला शब्दांत गुंतवणारी स्त्री कोणालाच आठवत नाही. आन्याला आठवते ती नोंदवहीतील पत्नी, लायटरला आठवते ते एक झालेले लग्न, दगडावर आहे ती बाँडची प्रिय पत्नी. या स्मरणाचा विषय पतीची जखम हा आहे. वेस्परच्या बाबतीत निदान तिचे मन काय होते याची चौकशी तरी झाली.

गीताचा प्रवास

१९६९ च्या चित्रपटात ट्रेसी व बाँड यांच्या प्रेमाच्या दृश्यमालिकेवर लुई आर्मस्ट्राँग याने गायिलेले 'वुई हॅव ऑल द टाइम इन द वर्ल्ड' हे गीत आहे. संगीत जॉन बॅरीचे, शब्द हाल डेव्हिडचे. आर्मस्ट्राँग तेव्हा आजारातून उठलेला होता. जुलै १९७१ मध्ये तो वारला. आपल्याजवळ हवा तितका वेळ आहे असे सांगणारे शब्द, स्वतःपाशी वेळ न उरलेल्या गायकाच्या आवाजात आणि दोन तासांत मरणाऱ्या नायिकेसाठी, ही त्या गीताची मूळ स्थिती. चित्रपटाप्रमाणे गीताकडेही तेव्हा फारसे लक्ष गेले नाही. १९९४ मध्ये बिअरच्या एका जाहिरातीमुळे ते ब्रिटनमधील लोकप्रिय गीतांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. चित्रपटाचीही फेरतपासणी याच सुमारास होऊ लागली. क्रिस्टोफर नोलन याने तो आपला आवडता बाँडपट असल्याचे सांगितले असून 'इन्सेप्शन'मधील हिमाच्छादित प्रसंगांवर त्याची छाया आहे.

'नो टाइम टू डाय'मध्ये हे गीत परत येते. आरंभी मातेराच्या रस्त्यावर बाँड मॅडेलिनला नेमके तेच शीर्षकातील शब्द बोलतो आणि हान्स झिमरच्या संगीतात बॅरीची चाल ऐकू येते. १९६९ चा चित्रपट जाणणाऱ्या प्रेक्षकाला तेथेच धसका बसतो : आता ही मरणार. मॅडेलिन मरत नाही. मरतो तो बाँड. त्या चित्रपटाच्या जगात तेरेसा दि विचेंझो नावाची स्त्री नाही, तिचा विवाह झालेला नाही, स्टोक पोजेसला तिची कबर नाही. डायना रिगचे निधन चित्रपट प्रदर्शित होण्याच्या एक वर्ष आधी, १० सप्टेंबर २०२० रोजी झाले होते. शेवटची नामावली सुरू होते तेव्हा आर्मस्ट्राँगचा मूळ आवाज, ५२ वर्षांपूर्वीच्या त्याच ध्वनिमुद्रणातला, पूर्ण गीत गातो. नामावलीत ट्रेसीचे नाव कोठेही येत नाही.